दृष्टान्त तोच, दार्ष्टान्तिक निराळे : पोप जोनची दंतकथा आणि इतिहासपट

१

इतिहासपटाविषयी लिहिताना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : पडद्यावर जे दाखवले ते खरोखर घडले होते काय? वेशभूषा, शस्त्रे, वास्तू, संवाद यांची तपासणी होते, चुकांची यादी तयार होते आणि समीक्षेचे काम संपले असे मानले जाते. मात्र ज्या व्यक्तीचे अस्तित्वच समकालीन प्रमाणांनी सिद्ध होत नाही, तिच्यावरील चित्रपटाला हा प्रश्न विचारून फारसे काही हाती लागत नाही. तेथे प्रश्नच बदलावा लागतो. ही कथा प्रथम कोणी सांगितली, कशासाठी सांगितली, आणि आजचा दिग्दर्शक ती पुन्हा सांगतो तेव्हा आधीच्या कथनकर्त्यांकडून नेमके काय स्वीकारतो, असे विचारावे लागते. प्रस्तुत लेखात पोप जोनच्या कथेच्या निमित्ताने हा प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

कथा थोडक्यात अशी. नवव्या शतकाच्या मध्यास एक विदुषी पुरुषवेशात रोमला आली, विद्वत्तेच्या बळावर पोपपदी निवडली गेली, आणि भर मिरवणुकीत प्रसूत झाल्यामुळे तिचे स्त्रीत्व उघड झाले. या कथेवर दोन मोठे चित्रपट निघाले. १९७२ साली मायकेल अँडरसन यांनी लिव्ह उलमान यांना प्रमुख भूमिका देऊन ‘पोप जोन’ हा चित्रपट केला. त्याची पटकथा जॉन ब्रायली यांची होती; रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’चे (१९८२) पटकथाकार म्हणून आपल्या प्रेक्षकांना ते ठाऊक आहेत. मूळ चित्रीकरणात स्वतःला जोनचा पुनर्जन्म समजणाऱ्या एका आधुनिक स्त्री-धर्मोपदेशिकेची चौकट होती. प्रदर्शनापूर्वी ती कापली गेली आणि मध्ययुगीन कथा तेवढी उरली. दुसरा चित्रपट झ्योन्के वोर्टमान यांचा ‘डी पेप्स्टिन’, म्हणजे ‘स्त्री-पोप’ (२००९). तो डोना वुलफोक क्रॉस यांच्या १९९६ सालच्या कादंबरीवर आधारलेला असून त्यात योहाना वोकालेक यांनी नायिकेची भूमिका केली आहे. येथील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या चित्रपटाविषयी आहे.

या चित्रपटाच्या कथनचौकटीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कथा सांगणारा एक बिशप आहे. जोनचा प्रतिस्पर्धी अनास्तासिउस पोपांच्या चरित्रांचा ग्रंथ सिद्ध करताना तिचे नाव सूडबुद्धीने गाळतो. हा बिशप ते परत लिहितो. आणि अखेरीस तो बिशपही पुरुषवेशातील स्त्रीच असल्याचे उघड होते. चित्रपटाचा दावा या चौकटीत साठवला आहे. पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासाने एका स्त्रीला पुसले आणि दुसऱ्या स्त्रीने तिला पुन्हा लिहिले, असा तो दावा आहे. चित्रपट स्वतःलाही याच पुनर्लेखनाच्या परंपरेत उभा करतो. हा दावा आकर्षक आहे, आणि स्त्रीवादी इतिहासलेखनाने गेल्या अर्धशतकात जे मोलाचे काम केले त्याच्याशी नाते सांगणाराही आहे. म्हणूनच तो काळजीपूर्वक तपासला पाहिजे.

२

आधी प्रमाणांचा विचार करू. प्रचलित कथेनुसार जोनची कारकीर्द चौथा लिओ आणि तिसरा बेनेडिक्ट यांच्या दरम्यान पडते. चौथा लिओ १७ जुलै ८५५ रोजी वारला आणि तिसऱ्या बेनेडिक्टचा अभिषेक २९ सप्टेंबर ८५५ रोजी झाला. मधल्या दहा आठवड्यांत अनास्तासिउसने पोपपद बळकावण्याचा अयशस्वी प्रयत्न केला. बेनेडिक्ट आणि सम्राट लोथार या दोघांची नावे असलेली नाणी उपलब्ध आहेत, आणि लोथारचा मृत्यू त्याच सप्टेंबरच्या अखेरीस झाला. राँसचा आर्चबिशप हिंकमार याच्या पत्रातून असे कळते की त्याचा दूत लिओकडे निघाला होता, त्याला वाटेतच लिओच्या निधनाची वार्ता मिळाली आणि रोममध्ये त्याची गाठ बेनेडिक्टशी पडली. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माधिपती फोटिउस हा रोमचा कडवा विरोधक. रोमच्या गादीवर एखादी स्त्री बसली असती तर त्याने ती गोष्ट हातची सोडली नसती. त्याच्या लेखनातही लिओनंतर बेनेडिक्टच येतो. कथेला लागणारी अडीच वर्षांची जागा या कालपटात कोठेही सापडत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कथेच्या पहिल्या नोंदीचा काळ. मानलेल्या घटनेनंतर सुमारे चारशे वर्षे या स्त्रीविषयी कोठे अक्षर नाही. १२५०च्या सुमारास मेत्झ येथील डोमिनिकन भिक्षू झाँ द माय्यी याच्या इतिवृत्तात ती प्रथम अवतरते. तेथे तिला नाव नाही आणि काळही नववे शतक नसून अकराव्या शतकाची अखेर हा आहे. घोड्यावर चढताना ती प्रसूत होते. लोक तिला घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नेतात आणि दगडांनी ठेचतात. नोंदीच्या आरंभीच, ही गोष्ट पडताळून पाहावी, असा शेरा इतिवृत्तकाराने स्वतःच दिला आहे. काही वर्षांनी एतिएन द बुर्बों या दुसऱ्या डोमिनिकनाने ती प्रवचनकारांसाठी जमवलेल्या कथासंग्रहात घेतली. कथेला आजचे रूप मिळाले ते त्रोपाऊच्या मार्टिनमुळे. हाही डोमिनिकनच. त्याच्या पोप-सम्राटांच्या इतिवृत्ताच्या १२७०च्या दशकातील पाठात जोनला नाव मिळाले, माइन्त्झ हे गाव मिळाले, अथेन्समधील शिक्षण मिळाले, दोन वर्षे, सात महिने व चार दिवस अशी नेमकी कारकीर्द मिळाली, आणि कोलोसियम व सान क्लेमेंते यांमधील अरुंद गल्ली हे प्रसूतीचे स्थळही मिळाले. बखरींच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. घटना जितकी दूर जाते तितका तपशील नेमका होत जातो, आणि तपशिलाच्या नेमकेपणालाच वाचक प्रमाण मानू लागतो.

कथा वाढवणारे हे तिघेही प्रवचन करणाऱ्या पंथाचे भिक्षू होते. त्यांना कथा हवी होती ती दृष्टान्तासाठी. येथे आपल्याच परंपरेतील एक संज्ञा उपयोगी पडते. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिस्तरीय रचना आहे. सूत्र व दृष्टान्त चक्रधरांचे, तर दृष्टान्ताचा सूत्राशी मेळ घालून दाखवणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. म्हणजे कथा एकाची आणि तिचा अन्वय दुसऱ्याचा, ही शक्यता या रचनेतच मान्य केलेली आहे. मात्र तेथे सूत्र स्थिर असल्याने अन्वयाला मर्यादा पडते. जोनच्या कथेला असे कोणतेही बांधून ठेवणारे सूत्र नव्हते. त्यामुळे दृष्टान्त तोच राहिला आणि शतकागणिक दार्ष्टान्तिक बदलत गेले.

३

भिक्षूंचे दार्ष्टान्तिक कोणते होते, हे समजण्यासाठी जोनच्या कथेशेजारी दुसरी एक कथा ठेवून पाहावी. पुरुषवेशात मठात राहणाऱ्या स्त्रियांच्या कथा ख्रिस्ती संतचरित्रांत पुष्कळ आहेत. मारिना ही त्यांतील एक. वडिलांबरोबर ती मुलाच्या वेशात मठात येते. एका मुलीला गरोदर केल्याचा आळ तिच्यावर येतो. तो मुकाट्याने सोसून ती मठाच्या दाराबाहेर पडून राहते, त्या मुलीचे मूल वाढवते. आणि मृत्यूनंतर देहाला स्नान घालताना तिचे स्त्रीत्व कळते. तिला संतपद मिळते. याकोबुस द व्होराजिने या डोमिनिकनाने तेराव्या शतकात संकलित केलेल्या ‘सुवर्णकथा’ या विख्यात ग्रंथात ती आहे, आणि त्याच लेखकाच्या जेनोआच्या इतिवृत्तात स्त्री-पोपची कथाही आहे.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे : वेशांतर, मठातील प्रवेश, मूल, रहस्यभेद. तरीही एक संत ठरते आणि दुसरी धिक्काराला पात्र होते. वेशांतर हे पाप असते तर मारिनाही दोषी ठरली असती. फरक दोन ठिकाणी पडतो. मारिनाच्या मांडीवरचे मूल दुसरीचे आहे, जोनचे मूल स्वतःचे आहे; आणि मारिना खाली उतरत जाते, तर जोन वर चढत जाते. पुरुषवेश घेऊन स्त्रीने अपमान सोसावा, हे या कथाविश्वाला मान्य आहे. त्या वेशात तिने शिकवावे, निवाडे करावेत, आशीर्वाद द्यावेत, हे मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून जोनचा शेवट तिच्या देहातून, भर रस्त्यात आणि जमावासमोर घडवावा लागतो. प्रसूती ही या कथेत घडलेली दुर्घटना म्हणून येत नाही. कथनाचा सारा भार त्या क्षणासाठी रचलेला आहे. तो काढला तर दृष्टान्त उरत नाही.

४

पुढील तीन शतके खुद्द चर्चनेच ही कथा जपली. सिएनाच्या कॅथीड्रलमधील पोपांच्या अर्धपुतळ्यांच्या रांगेत तिचाही पुतळा होता. तो १६००च्या सुमारास हटवला गेला. व्हॅटिकनचा ग्रंथपाल बार्तोलोमेओ प्लातिना याने आपल्या पोपचरित्रांत (१४७९) तिला स्थान दिले, जरी कथेविषयीची साशंकता त्याने लपवली नाही. बोकाच्चोने चौदाव्या शतकात प्रसिद्ध स्त्रियांच्या चरित्रग्रंथात तिच्यावर प्रकरण लिहिले. पुसून टाकण्याचे कारस्थान झाले असते, तर ही पोप व्हॅटिकनच्या ग्रंथपालाच्याच ग्रंथात सापडली नसती.

दार्ष्टान्तिक बदलले ते चर्चच्या अधिकारावर प्रश्न उभे राहिले तेव्हा. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेपुढे यान हुसने या कथेचा दाखला दिला तो पोपशिवायही ख्रिस्तसभा टिकू शकते हे दाखवण्यासाठी. शेर्नबेर्ग या जर्मन धर्मगुरूचे ‘फ्राउ युट्टे’वरील नाटक तर या बदलाचे लक्षणीय उदाहरण आहे. ते १४८०च्या सुमारास लिहिले गेले तेव्हा पापिणीलाही मेरीच्या मध्यस्थीने क्षमा मिळते, असे त्याचे तात्पर्य होते. तेच नाटक १५६५ साली आइसलेबेन येथे एका प्रॉटेस्टंट संपादकाने छापले, ते पोपसत्तेच्या भ्रष्टतेचा पुरावा म्हणून. संहिता तशीच राहिली, वाचणारे बदलले. लंडनमध्ये १६८० साली, कॅथलिक कटाच्या अफवांनी शहर भयभीत झालेले असताना, एल्काना सेटलने याच विषयावर शोकनाट्य रंगभूमीवर आणले.

कथेचे खंडन कोणी केले, हेही मनोरंजक आहे. सोळाव्या शतकात पान्विनियोसारख्या कॅथलिक विद्वानांनी ते सुरू केले. पण निर्णायक घाव घातला तो दाव्हिद ब्लोंदेल या फ्रेंच प्रॉटेस्टंटाने, १६४७ साली. आपल्या पक्षाच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र त्याने प्रमाणाच्या आग्रहापोटी बोथट केले, आणि स्वपक्षीयांचा रोष ओढवून घेतला. इतिहासलेखनाच्या नीतीचा विचार करताना ब्लोंदेलचे नाव विसरून चालणार नाही. पुढे १८६६ साली इमानुइल रोइदिस या ग्रीक लेखकाने पांडित्याचा आव आणून रचलेल्या उपहासपर कादंबरीत ही कथा घेतली आणि ग्रीक चर्चचा निषेध ओढवून घेतला. १९८२ साली कॅरिल चर्चिल यांच्या ‘टॉप गर्ल्स’ या नाटकात जोन इतर इतिहासप्रसिद्ध व काल्पनिक स्त्रियांसह मेजवानीच्या टेबलाशी येऊन बसली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्याकडे पुन्हा लक्ष वळण्यामागचे कारणही उघड आहे. स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९४ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले. क्रॉस यांची कादंबरी त्यानंतर दोन वर्षांनी आली.

५

आता वोर्टमान यांच्या चित्रपटाकडे वळू. त्याने कथेत काय नवे आणले, हे प्रथम न्याय्यपणे नोंदवले पाहिजे. भिक्षूंच्या कथेत जोनला बालपण नाही. प्रियकर तिला अथेन्सला नेतो, एवढेच तिचे पूर्वचरित्र. चित्रपट तिला जन्म देतो, धर्मगुरू असलेला जुलमी बाप देतो, जुन्या दैवतांना मनात जपणारी सॅक्सन आई देतो, अक्षरांची भूक देतो. तिने पुरुषवेश घ्यावा यासाठी प्रियकराची गरज उरत नाही. नॉर्मनांच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या भावाची जागा ती घेते. फुल्डाच्या मठात ती वैद्यकी करते. ज्ञानलालसा हे भिक्षूंच्या कथेतील दूषण येथे भूषण ठरते. सहानुभूतीचे हे स्थलांतर लहानसे नाही.

परंतु कथेचा शेवट आला की चित्रपट निमूटपणे जुन्या गल्लीत शिरतो. मिरवणूक, गर्भवती पोप, रस्त्यावर कोसळणारा देह, भोवतीचा जमाव. गर्भपाताच्या वेदनांत ती मरते. दिग्दर्शकाने जमावाच्या हातून तिला ठेचून मारले नाही, एवढाच दिलासा. जिचे शहाणपण आपण दोन तास पाहिले, तिच्याविषयी अंतिम निवाडा तिच्या उदरानेच द्यावा, हा तेराव्या शतकातील भिक्षूचा निर्णय एकविसाव्या शतकातील चित्रपट उलटवू शकला नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते. भिक्षूच्या श्रोत्याला भय वाटले असेल. भावना बदलली आहे, पण स्त्रीच्या सत्तेचा अंत कसा होतो याविषयीचे ज्ञान तेच आहे.

आणि नाव पुसले गेल्याचा दावा? तोही भिक्षूंकडूनच आला आहे. झाँ द माय्यीच्या पहिल्याच नोंदीत ही पोप स्त्री असल्यामुळे पोपांच्या यादीत धरली जात नाही, असे सांगितले आहे; मार्टिनने त्याला कृत्याच्या ओंगळपणाचे आणखी एक कारण जोडले. यादीतील अनुपस्थिती आजच्या संशोधनाने उजेडात आणलेली नाही. ती या दंतकथेची जन्मखूण आहे. पुरावा नाही हाच पुरावा, ही सोय कथेने पहिल्या दिवसापासून करून ठेवली होती. फ्रेंच इतिहासकार आलँ बुरो यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात ही कथा मध्ययुगीन चर्चच्या गरजांतून व भीतींतून कशी घडली याचा सविस्तर शोध घेतला आहे. तिला चर्चने दडपलेले सत्य मानणे म्हणजे चर्चच्याच एका निर्मितीला चर्चविरोधी पुरावा समजणे होय.

यावर असा आक्षेप घेता येईल की अभिलेखागारांच्या मौनाविषयी साशंक राहण्यास स्त्रीवादी इतिहासकारांनीच आपल्याला शिकवले, मग येथे मौनावर विश्वास का ठेवायचा? आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की मौन वाचण्याचीही एक शिस्त आहे. कोण बोलू शकत होते, कोणाला गप्प करण्यात कोणाचा लाभ होता, शत्रू काय म्हणत होते, हे पाहून मौनाचा अर्थ लावावा लागतो. जोनच्या बाबतीत फोटिउससारखा शत्रूही गप्प आहे, आणि बोलणारे मात्र चारशे वर्षांनंतरचे प्रवचनकार आहेत. या मौनाला दडपशाही म्हणण्यास आधार नाही.

याहून दुःखाची गोष्ट अशी की या एका दंतकथेच्या मागे प्रत्यक्षात बोललेल्या स्त्रिया झाकल्या जातात. चित्रपटातील जोन मठात शिकत असते त्याच काळात, ८४१ ते ८४३ या वर्षांत, धुओदा नावाच्या फ्रँक कुलीन स्त्रीने आपल्या दूर असलेल्या मुलासाठी लॅटिनमध्ये उपदेशग्रंथ लिहिला. तो स्वतःच्या नावाने लिहिला आणि तो उपलब्ध आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्वेडलिनबुर्गच्या मठाची अधिपती माटिल्डे हिने तिसरा ओटो इटलीत असताना जर्मन राज्याचा कारभार पाहिला. तिला वेशांतर करावे लागले नाही आणि ती रस्त्यावर मेली नाही. आणि ज्यांना खरोखरच स्त्री पोप व्हावी असे वाटत होते, अशी माणसेही होती. मिलानमध्ये गुल्येल्मा नावाच्या साध्वीच्या मृत्यूनंतर तिला पवित्र आत्म्याचा अवतार मानणारा एक गट तयार झाला. तिच्या पुनरागमनानंतर मायफ्रेदा दा पिरोव्हानो ही भगिनी पोप होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. १३०० सालच्या ईस्टरला मायफ्रेदाने स्वतः मिस्सा अर्पण केला. त्याच वर्षी धर्मन्यायालयाने तिला जिवंत जाळले, आणि गुल्येल्माची हाडे उकरून तीही जाळली. या खटल्यातील जबान्यांची नोंदवही मिलानच्या अंब्रोसियाना ग्रंथालयात आहे. तीत स्त्रियांचे शब्द आहेत; ते भीतीखाली बोललेले आणि लेखनिकाच्या लॅटिनमधून गाळून आलेले असले तरी आहेत.

मायफ्रेदाने पुरुषवेश घेतला नाही. स्त्री म्हणूनच ती वेदीसमोर उभी राहिली, आणि तिचा अंत तिच्या देहाने घडवला नाही, न्यायालयाने घडवला. या दोन कथांमधील अंतर हेच इतिहास आणि दृष्टान्त यांमधील अंतर आहे. दृष्टान्तात स्त्रीचा पाडाव निसर्ग करतो, म्हणून कोणीही जबाबदार ठरत नाही. इतिहासात माणसे स्वाक्षऱ्या करतात, म्हणून जाब विचारता येतो. वोर्टमान यांचा चित्रपट अन्यायाविषयी बोलू पाहतो, पण त्याने निवडलेल्या कथेत अन्याय करणारा अखेर अदृश्यच राहतो.

चित्रपटाने शंका दाखवू नये असे माध्यमाचे बंधन नाही. ‘मार्टिन गेरचे पुनरागमन’ (१९८२) या फ्रेंच चित्रपटाच्या सल्लागार राहिलेल्या नताली झीमन डेव्हिस यांना पडद्यावर ‘कदाचित’ला जागा कमी पडली असे वाटले, आणि त्यातून त्यांचे १९८३ चे पुस्तक लिहिले गेले. वोर्टमान यांच्या चौकटीत अशी जागा सहज करता आली असती. जिच्याविषयी आपण लिहितो ती होती की नव्हती, याविषयी लिहिणाऱ्या बिशपालाच शंका असती, तर पुनर्लेखनाची सारी कृती अधिक अर्थपूर्ण झाली असती. झाँ द माय्यीने, पडताळून पाहावे, असा शेरा तरी देऊन ठेवला होता. त्याच्या शेवटावर अश्रू ढाळणाऱ्या चित्रपटाने हा शेरा मात्र गाळला.